एकाहत्तरावी बाटली

फॉर्ममध्ये मी ‘तीन’ लिहिलं होतं. खरा आकडा एकसष्ट होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण स्वतःची बाजू मांडायला लागले की मी फार गोड बोलते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारीचं काय चुकलं? चुकलं होतं. त्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत ते दुरुस्त करायची सोय होती, आणि सकाळी उठल्यापासून मी ते दुरुस्त न करण्याची कारणं शोधत होते. कारणं भरपूर सापडत होती, त्या बाबतीत माझं डोकं चांगलं चालतं.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते. गावात कुणी विचारलं की आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगतात, “आबाळ मोजती.” ते तितकंसं खोटं नाही. विश्व जन्मलं तेव्हा डोळ्याची पापणी लवायलाही फार वेळ लागतो म्हणावं इतक्या थोड्या वेळात ते भसकन फुगलं. त्याला महास्फीती म्हणतात. त्या फुगण्यात जो जोर होता तो आणणारं यंत्र माणसाला बांधता येणार नाही. युरोपात जमिनीखाली कण आपटायचं सत्तावीस किलोमीटरचं कडं आहे, त्याच्याही अब्ज पट जोर लागेल. त्या जोरात फार जड असे काही कण तयार झाले असावेत आणि लगेच विरून गेले असावेत. ते बघायला कुणी नव्हतं. पण जाता जाता त्यांनी खूण ठेवली असेल, तर ती आज दीर्घिकांच्या, म्हणजे गॅलेक्सींच्या, मांडणीत सापडायला हवी.

म्हणून आम्ही आकाशातल्या तीन-तीन दीर्घिका घेऊन त्रिकोण काढतो, कोट्यवधी त्रिकोण, आणि कोणत्या आकाराचे किती भरतात ते मोजतो. त्रिकोण लांबट करत गेलं की ही मोजणी एका ठरावीक तालात किंचित वर-खाली व्हायला हवी. तसा हेलकावा दिसला तर कण होता. दोन हेलकाव्यांमधलं अंतर मोजलं की त्याचं वजनही कळतं.

मला हेलकावा दिसला होता. नुसत्या योगायोगाने तसा दिसण्याची शक्यता तीन हजारांत एक.

पण तो दिसला एकसष्टाव्या खेपेला. कणाचं वजन बदलून बघितलं, जवळच्या दीर्घिका गाळून बघितल्या, अंधूक गाळून बघितल्या, मोजणीचे टप्पे जाड केले, बारीक केले. साठ वेळा सपाट रेघ आली. एकसष्टाव्या वेळी रेघ हलली आणि मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले. मग मी स्वतःला समजावलं की शेवटच्या तीन चाचण्या खऱ्या आणि आधीच्या अठ्ठावन्न म्हणजे सराव. जितक्या खेपा तितक्या पट योगायोगाची शक्यता वाढते; तीन खेपा धरल्या की ती हजारात एक होते, आणि आमच्या गटाचा उंबरठाही नेमका हजारात एक आहे. हे जुळणं मला तेव्हा शुभशकुन वाटलं, आता सांगताना लाज वाटते.

उंबरठा कशाचा, तर कुलूप उघडायचा. आमच्या गटाने निम्मं आकाश कुलूपबंद ठेवलंय. त्या निम्म्याची मोजणी संगणकात आहे, पण ती कुणीच पाहिलेली नाही. एखाद्याला उरलेल्या निम्म्यात पक्कं काही सापडलं, तरच ते उघडायचं आणि तिथेही तेच दिसतं का बघायचं. पण एकदाच. एकदा बघितलेलं न बघितलेलं करता येत नाही. पंधरा माणसांची ती एकच कोरी जागा होती आणि आज चार वाजता ती माझ्या शब्दावर खर्ची पडणार होती. खूण खरी निघाली तर माझं नाव आणि नोकरी, दोन्ही पक्कं. आणि उंबरठाच ओलांडला नाही, तर मे महिन्यात माझी नोकरीची मुदत संपते आणि दाखवायला हातात काही नाही.

अशा दिवशी मी संगणकासमोर असायला हवं होतं. मी होते कवठे महांकाळच्या पूर्वेला एका उघड्या माळावर, आण्णांच्या डोळ्यात थेंब घालायला.

आण्णांचं नाव लालासाहेब. ते पाणाड्या आहेत. उंबराची दुबेळकी काटकी किंवा तळहातावर आडवा नारळ घेऊन रानातून चालतात, नारळ उभा राहिला की तिथे टाच रोवून म्हणतात, “हितं मारा बोअर.” मुलगी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट आणि बाप नारळ घेऊन माळावर, यावरून आमची भांडणं झाली नाहीत असं नाही. नारळाला खालचं पाणी कळायचं काहीच कारण नाही, हे मी त्यांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी समजावून सांगितलंय. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, “तू बी खूनच बघतीस न्हवं? तुजी वर हाय, माजी खाली.” मी चिडते. पण लहानपणी मला त्यांचा फार अभिमान होता. आमच्या घरी सोप्यातल्या कोनाड्यात इंजेक्शनच्या रिकाम्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्येकीत बोअरमधून निघालेली दगडाची भुकटी, कुठे काळी, कुठे तांबूस, कुठे राखाडी, आणि वर गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. कुणी बोलवायला आलं की आण्णा त्याला आधी कोनाड्यापुढे उभं करायचे, मग चहा. मी शाळेत सांगायचे, आमच्या आण्णांनी इतक्या ठिकाणी पाणी लावलंय, या बघा बाटल्या. संस्थेच्या मुलाखतीतही सांगितलं होतं. कोनाड्यात साठ-पासष्ट बाटल्या आहेत म्हटल्यावर समोरचे सर खूश झाले होते.

महिन्यापूर्वी आण्णांनी भाऊसोंच्या माळावर बोअरचा पॉइंट काढून दिला. भाऊसो सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, डाळिंब लावायचं म्हणत होते. मध्ये आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीला झालं, आणि नेमकी आज बोअरची गाडी आली. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं.

“पॉइंट माजा हाय,” आण्णा म्हणाले. “गाडी लागली की मी तितं पायजे.”

“आवं, तुमी तितं जाऊन करनार काय? ती मशीन हाय,” मी म्हणाले.

“उबा ऱ्हानार.”

मग काळा चष्मा लावून ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. पिशवीत नारळ, डोळ्याच्या थेंबांची बाटली आणि माझा लॅपटॉप.

साडेअकराला गाडी सुरू झाली. जवळ उभं राहिलं तर दात हलतील असा आवाज, आणि भोकातून पांढऱ्या धुळीचा लोट. गाडीवाले तामिळनाडूचे होते, त्यांच्या म्होरक्याचं नाव सेल्वम. त्याला मराठीतले दोनच शब्द पक्के येत होते, पाणी आणि न्हाई. एक रॉड खाली गेला की तो बोटांनी खूण करायचा. वीस फूट. चाळीस. साठ. भाऊसो हात मागे बांधून, पाय फाकून उभे होते. आण्णा धुळीपासून लांब, पण नजर भोकावर. बारा वाजता मी त्यांची मान मागे करून थेंब घातले तेव्हाही दुसरा डोळा तिकडेच होता.

मी बाभळीखाली बसले. त्या माळावर मोबाईलला रेंज तेवढ्या एकाच बाभळीखाली होती; त्यावरच लॅपटॉप जोडला. फॉर्म उघडला. ‘हा निष्कर्ष काढण्याआधी याच माहितीवर एकूण किती चाचण्या केल्या?’ त्यापुढे माझा तीन. मी तो बघत बसले. तीन वाईट दिसत नव्हता.

एकशे ऐंशी फुटांवर आवाज बदलला. धूळ कमी झाली, भोकाच्या तोंडाशी काळपट चिखलाचे गोळे पडायला लागले. भाऊसोंचे हात सुटले. मीही धावत गेले, हे कबूल करते. सेल्वम म्हणाला, “पाणी, पाणी.”

आण्णा वाकले. चिखलाचा गोळा उचलला, चिमटीत दाबला, नाकाशी नेला.

“ओल हाय,” ते म्हणाले. “पानी न्हाई. चालू द्या.”

“आण्णा, पन वलं निगालंय की,” मी म्हणाले.

“येक पट्टा वला लागतोच कुटं तरी. त्येला पानी म्हनून चालत न्हाई.”

पुढच्याच रॉडला पुन्हा कोरडी धूळ उडायला लागली. मी बाभळीखाली परत आले आणि मला आण्णांचा राग आला, कारण नसताना. एक ओला पट्टा. माझ्या एकसष्ट रेघांतली एक हललेली रेघ डोळ्यांपुढे आली आणि मी लॅपटॉप मिटला.

अडीचला फोन वाजला. मतीन होता. मतीन सांगलीचा, माझ्याच गटात काम करतो, आणि कुलूपबंद आकाशाची किल्ली त्याच्याकडे असते. हे काम त्याला दिलं कारण तो कुणाच्या बाजूने नसतो.

“काय गं, मागे विमान उडतंय काय?”

“बोअर मारतायत.”

“बरं. सर म्हणाले, चारला उघडू. तुझा फॉर्म समोर आहे. तीन. बरोबर ना?”

मी मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. तीन तिथेच होता.

“क्रांती?”

“ऐकतेय.”

“सर्व्हरवर सगळ्यांच्या सगळ्या चाचण्यांची नोंद असते,” मतीन म्हणाला. “मला एका मिनिटात बघता येईल. पण मी बघत नाही, आजवर कुणाची बघितली नाही. फॉर्मवर माणसाचं नाव आहे, तेवढं पुरे. चारपर्यंत बदलता येतो, हे सगळ्यांना सांगतो तसं तुला सांगितलं.”

त्याने फोन ठेवला. त्याने नोंद बघितली असती तर बरं झालं असतं. पकडलं गेलं की सोपं असतं, आपल्याला काही ठरवावं लागत नाही. तो विश्वास ठेवून मोकळा झाला होता आणि आता दीड तास सगळं माझ्याच अंगावर होतं.

तीनशे फूट. तीनशे चाळीस. धूळच. सेल्वम दर रॉडला ‘न्हाई’ म्हणायचा, पुढे पुढे नुसती मान हलवायला लागला. मी मनात वाद घालत होते. खूण खरी असेल तर? खरी असेल तर मी तीन लिहिल्याने ती खोटी होत नाही. कुलूप उघडलं की दिसेलच. आणि नसेल तर? तर पंधरा जणांची कोरी जागा माझ्यापायी गेली, आणि तिथे पुन्हा कुणाला कधीच स्वच्छ मनाने बघता येणार नाही. पण ते कुणाला कळणार? अठ्ठावन्न खेपा कुणी मागितल्या होत्या? सपाट रेघेचा पेपर कोण छापतं?

साडेतीनच्या सुमारास, चारशे वीस फुटांवर, भाऊसोंनी हात वर केला. गाडी बंद झाली. इतक्या वेळाच्या आवाजानंतरची ती शांतता मला सोसवेना. मला वाटलं आता भाऊसो बोलतील, नारळावरून, आण्णांच्या वयावरून, डोळ्यांवरून. असलं बोलणं मी पूर्वी गावात ऐकलंय. मी उठून आण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. नारळावर माझा विश्वास नसला तरी बाप माझा होता.

भाऊसोंनी सेल्वमला फक्त रॉड काढायची खूण केली. आण्णा खाली बसले, भोकाच्या कडेची राखाडी भुकटी रुमालात घेतली, खिशातून इंजेक्शनची रिकामी बाटली काढली आणि चिमटीचिमटीने भरायला लागले.

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी झालंय त्यांना.

“आण्णा, ही कशाला भरताय? ही तर कोरडी गेली.”

“म्हनूनच.”

“म्हंजे?”

“कोरडी गेली म्हनून भरतोय.”

मी त्यांच्याजवळ खाली बसले. “आनि घरातल्या? कोनाड्यातल्या?”

“त्या बी समद्या कोरड्याच,” आण्णा बाटलीला बूच लावत म्हणाले. “तुला काय वाटलं?”

शाळेत, कॉलेजात, मुलाखतीत, आयुष्यभर मी माझ्या बापाच्या फसलेल्या बोअरी लोकांना मिरवून दाखवल्या होत्या.

“मग पानी लागल्याल्या किती?”

“ते म्या कशाला मोजू? ज्येला पानी लागतं त्यो सोताच गावभर सांगत फिरतो. कोरड्या गेलेल्या कोन ध्यानात ठेवनार? त्येंला माज्याबिगर कोन हाय?”

भाऊसो जवळ आले होते. “ताई, तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?” ते म्हणाले. “आमाला पैल्या दिशी कोनाड्याफुडं उबं केलं की. म्हनले, मोजा. सत्तर मोजल्या. मग म्हनले, ह्या इतक्या फेल गेल्यात, आता सांगा येऊ का नको. म्या म्हनलं चला.” त्यांनी भोकाकडे बघितलं. वाईट वाटलेलं लपत नव्हतं, पण आवाज सरळ होता. “म्हाईत असून बोलावलं. आता कुनाला बोल लावायचा?”

बोलवायला आलेल्यांना आण्णा बाटल्यांपुढे उभं करायचे. ती बढाई असते असं मी तीस वर्षं समजत होते.

आण्णांनी चिठ्ठी आणि पेन माझ्यापुढे धरलं. “मला अजून बारीक दिसत न्हाई. तू लिव्ह.”

मी बाटली गुडघ्यावर टेकवली.

“गावाचं नाव घाल. तारीख घाल. चारशे वीस फूट.” ते थांबले. “एकशे ऐंशीला ओल, ते बी लिव्ह. आनि खाली, कोरडी.”

मी लिहिलं. मग त्यांनी नंबर सांगितला. एकाहत्तर. तोही लिहिला, आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

चारला बारा मिनिटं होती. मी बाभळीकडे चालत गेले, पळत नाही, कारण पळाले असते तर वाटेत काहीतरी नवं कारण सुचलं असतं. फॉर्म उघडला. तीन खोडला. एकसष्ट लिहिलं. पाठवताना रेंज गेली, चाक फिरत राहिलं, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, की आता ते जाणारच नाही आणि तीनच राहील. मी मोबाईल डोक्यावर धरून उभी राहिले. मग ते गेलं.

तीन हजार भागिले एकसष्ट. पन्नासात एक. पन्नासात एक म्हणजे रोज कुठे ना कुठे घडणारी गोष्ट.

चारला चार मिनिटं असताना मतीनचा मेसेज आला. ‘उंबरठा ओलांडत नाही. कुलूप उघडत नाही. सर विचारतायत, उरलेल्या साठ खेपांचं काय करायचं?’

मी लिहिलं, ‘सगळ्यांची यादी पाठवते. काय बदललं, काय दिसलं, नावासकट.’

थोड्या वेळाने त्याचं आलं, ‘बरं झालं.’ एवढंच. मग मी रडले. सुटल्यामुळे थोडी आणि बरीचशी मे महिन्यासाठी. चांगली माणसं खरं बोलून लगेच हलकी होतात असं म्हणतात, माझं तसं काही झालं नाही. मला नोकरी हवी होती आणि तो कण हवा होता. अजूनही दोन्ही हवं आहे.

गाडीवाले रॉड काढत होते. न फोडलेला नारळ आण्णांनी पिशवीत परत ठेवला होता. ते दगडावर बसून वाट बघत होते.

“चार वाजलं,” ते म्हणाले. “थेंब.”

मी त्यांची मान मागे केली, पापणी उघडून धरली. थेंब पडला. ते डोळे मिटून तसेच बसले.

“तुजं चारचं काय हुतं, झालं का?”

“झालं. एकसष्ट बोअरी मारल्या हुत्या आण्णा, साठ कोरड्या. तीनच सांगितल्या हुत्या. आता समद्या सांगितल्या.”

त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच गालावर ओघळलेला थेंब पुसला.

“मग त्यो तुजा कण हाय का न्हाई?”

“म्हाईत न्हाई.”

“निम्मं रान तसंच हाय म्हनालीस ना परवा. कुलपातलं.”

“हाय. कुनी बगितलं न्हाई अजून.”

“मग झालं तर,” आण्णा म्हणाले, आणि चष्मा लावायला हात पुढे केला. “कोऱ्या बाटल्या हायत माज्याकडं. साठ लागतील तुला. जाताना घिऊन जा.”